डॉक्टरांचे तारे आणि सर्जनचा मृत्युदर
गुगलवर डॉक्टरांच्या नावापुढे दिसणारे तारे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंवरून काढलेला दर, या दोहोंना सरसकट ‘रेटिंग’ म्हटले जाते आणि मग ‘असल्या रेटिंगवर कितपत विसंबायचे’ हा प्रश्नही दोहोंबद्दल एकत्रच विचारला जातो.

तारे देतो तो रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक. किती वेळ ताटकळावे लागले, डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले का, बिलावरून कटकट झाली का, हे त्याला पक्के ठाऊक असते आणि तेवढ्यापुरती त्याची साक्ष ग्राह्य धरायला हरकत नाही (खोट्या अभिप्रायांचा प्रश्न निराळा). मात्र बायपासच्या वेळी रक्तवाहिनी कशी जोडली गेली, हे भूल दिलेल्या माणसाला कसे कळणार?

मृत्युदराचा सर्वांत परिचित नमुना न्यूयॉर्क राज्याचा आहे. तेथील आरोग्य विभाग १९८९ पासून बायपासची माहिती गोळा करू लागला आणि १९९१ मध्ये ‘न्यूजडे’ या दैनिकाने न्यायालयात जाऊन सर्जननिहाय आकडे मिळवले. हे आकडे कच्चे नसतात. समजा, एका सर्जनचे २०० पैकी ६ रुग्ण दगावले, म्हणजे ३ टक्के. परंतु त्या रुग्णांचे वय, मधुमेह, मूत्रपिंडांची अवस्था हे सारे हिशेबात घेता ८ मृत्यू अपेक्षित होते असे निघाले, तर ६ भागिले ८, म्हणजे ०.७५ ने राज्याची सरासरी गुणली जाते आणि ती २ टक्के असल्यास त्याचा दर १.५ टक्के ठरतो. अर्थात शस्त्रक्रिया थोड्या असतील तर एखाद्या मृत्यूनेही हा दर उसळतो. शिवाय दर बिघडेल म्हणून अत्यवस्थ रुग्ण टाळले जातात, अशी हृदयरोगतज्ज्ञांचीच तक्रार आहे.

लोकांनी मात्र हा दर पारखून नाकारला, असे दिसत नाही. बहुतेकांना तो ठाऊकच नव्हता. पेनसिल्व्हेनियातही असे अहवाल निघत असताना, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणीत, बायपास झालेल्यांपैकी केवळ १२ टक्क्यांना शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची माहिती होती.

आपल्याकडे सर्जननिहाय असा सार्वजनिक अहवालच निघत नसल्याने डॉक्टरांचा हातगुण ओळखीपाळखीत विचारून आणि तारे पाहूनच ठरतो. रुग्णालयाच्या दर्शनी भागातला ‘एनएबीएच’चा (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) फलकही त्या रुग्णालयाच्या कार्यपद्धतीला मिळालेली मान्यता सांगतो, अमुक सर्जनचे किती रुग्ण वाचले हे नव्हे.