कुट्शेरा मोहीम: पार्श्वभूमी

1 फेब्रुवारी 1944 रोजी सकाळी नऊच्या सुमारास जर्मनव्याप्त वॉर्सातील एसएस (नाझींचे निमलष्करी दल) व पोलीस प्रमुख फ्रांझ कुट्शेरा भररस्त्यात मारला गेला. चकमक 1 मिनिट 40 सेकंदांत आटोपली. तिची तयारी मात्र कित्येक महिने आधीपासून चालू होती.

पोलंडच्या भूमिगत गृहसेनेने घातपाताची विखुरलेली पथके जानेवारी 1943 मध्ये ‘केदिफ’ या एका विभागाखाली आणली. प्रमुख एमिल फिल्डॉर्फ ऊर्फ ‘निल’. त्याच उन्हाळ्यात, ब्रिटनमधून पॅराशूटने उतरलेल्या आदाम बोरिस यांनी स्काउट मुलामुलींमधून ‘अगात’ ही तुकडी बांधली. पुढे ती ‘पेगाझ’ आणि मग ‘पारासोल’ झाली. 7 सप्टेंबरला तिने पाव्याक तुरुंगाचा उपप्रमुख फ्रांझ ब्युर्कल याला टिपले.

कुट्शेरा त्याच महिन्यात वॉर्सात आला. ऑक्टोबरपासून ओलिसांना रस्त्यावर उभे करून गोळ्या घालणे सुरू झाले. मृतांची नावे भिंतींवर लागत, खाली सही फक्त हुद्द्याची. म्हणजे आधी माणूस शोधायचा होता. गुप्तवार्ता पाहणाऱ्या अलेक्सांदर कुनित्स्की यांच्या नजरेत एक ओपेल अ‍ॅडमिरल भरली: आलेया रूझ 2 मधून निघायची आणि जेमतेम दीडशे मीटरवर, उयाझदोव्स्किए मार्ग 23 पाशी थांबायची. एवढ्याशा अंतराला गाडी वापरण्याचा हा थाटच त्याला भोवला.

पहिला प्रयत्न 28 जानेवारीचा; त्या दिवशी कुट्शेरा घराबाहेरच पडला नाही. 1 फेब्रुवारीला तुकडीतल्या तीन मुलींनी इशारा पुढे पोचवला, ‘मिश’ने (ही सारी टोपणनावे) आपली गाडी आडवी घातली आणि स्टेनगनधारी ‘लोत’ व ‘क्रुशिन्का’ धावून आले. आसपासच्या जर्मन इमारतींमधून गोळीबार होणार हे गृहीतच होते; त्यावर उतारा म्हणून ‘अली’च्या बॅगेत हातबॉम्ब होते. नेमकी तीच बॅग उघडेना. ‘लोत’ आणि ‘चिही’ पोटात गोळ्या लागून कोसळले.

योजनेतला खरा कच्चा दुवा इस्पितळाचा. पोटात गोळी लागलेल्याला तातडीने शस्त्रक्रिया हवी, आणि जखमींना घेऊन गाडी शहरभर फिरत राहिली; शेवटी व्हिस्तुला नदीपलीकडे, वॉर्साच्याच प्रागा भागात जागा मिळाली. दोघेही काही दिवसांत गेले. त्यांना पोचवून परतताना ‘सोकुव’ आणि ‘युनो’ हे साथीदार पुलावर जर्मनांच्या कचाट्यात सापडले, नदीत उडी मारली आणि तिथेच संपले.

दुसऱ्या दिवशी 300 ओलीस मारले गेले; शहर व परिसरावर 10 कोटी झ्वोतींचा दंड बसला. त्यानंतर लवकरच रस्त्यावरचे जाहीर गोळीबार थांबले. घेट्टोच्या (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या) अवशेषांत, लोकांच्या नजरेआड, ते चालूच राहिले.