कोयना टोड की आंबोली टोड? फोटो ठाण्याचा असेल तर बहुधा दोन्ही नाही

पावसाळा लागला की येऊर, उपवन, खारघर अशा भागांतून एकाच तऱ्हेचे फोटो फिरू लागतात. बोटाच्या पेराएवढा, पिवळसर भेक (म्हणजे टोड) आणि खाली प्रश्न: कोयना टोड का आंबोली टोड? दोन्ही जाती महाराष्ट्रातल्याच, दोन्ही चार सेंटिमीटरच्या आतल्या, दोन्हींच्या अंगावर पिवळा रंग. त्यातून पावसाळी सहलीला आंबोलीला जाऊन आलेल्याच्या मोबाइलमध्ये ठाण्याचे आणि घाटातले फोटो एकत्र झालेले असतात, मग घोटाळा होतोच.

आधी घराजवळच्या फोटोचा निकाल लावू. ठाणे आणि नवी मुंबईत सोसायटीच्या आवारात दिसतो तो साधा भेक, डुट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. याच्या डोक्यावर डोळ्यांभोवती उंचावलेल्या हाडांच्या कडा असतात आणि त्या काळ्या असतात. अंगावरच्या गाठींची टोकंही बहुतेक काळी. कोयना आणि आंबोली टोडच्या डोक्यावर अशा काळ्या कडा नसतात. पूर्ण वाढलेल्या भेकाच्या बाबतीत एवढं पुरतं.

गडबड होते ती पिल्लांची. शेपूट गळून पाण्याबाहेर आलेलं साध्या भेकाचं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ही पिल्लं शेकड्यांनी रस्त्यावर येतात. या वयात डोक्यावरच्या कडा नीट उठलेल्या नसतात, कानाचा गोल पडदाही दिसत नाही. म्हणजे ओळखीच्या ज्या खुणा पुस्तकात दिलेल्या असतात त्याच गायब, आणि ‘लहान जातीचा भेक’ अशी समजूत होते. आकारमान हा इथे पुरावा धरूच नये. आसपास त्याच मापाची पंधरा-वीस पिल्लं असतील तर ती एकाच डबक्यातून बाहेर पडलेली भावंडं समजावीत.

पिवळ्या रंगाचंही तसंच. पहिल्या जोरदार पावसात साध्या भेकाचे नर मीलनाच्या थोड्या काळापुरते पिवळेधमक होतात आणि नंतर पुन्हा तपकिरी. भातखाचरात दिसणारा मोठा पिवळा नर तर भेकच नव्हे, तो बेडूक, हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. त्याचं नाव आंबोली टोडच्या शास्त्रीय नावातल्या टायगेरिनाशी इतकं जुळतं की यादीत नाव शोधताना पहिली पाच-सहा अक्षरं टाकून थांबलं तर चुकीचं निवडलं जाण्याची पुरेपूर सोय आहे.

आता मूळ जोडी. कोयना टोडचं वर्णन सोमण यांनी १९६३ साली केलं. नमुना सातारा जिल्ह्यातल्या शिवाजीसागर जलाशयाच्या परिसरातला आणि नाव बुफो कोयनायेन्सिस. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, ॲलिस ग्रँडिसन आणि जे. सी. डॅनियल यांनी कोयनेच्याच एका भेकाला बुफो सल्फ्युरियस हे नाव दिलं. दोन्ही एकच जात निघाली. आधीचं नाव ग्राह्य या नियमाने १९६३ चं नाव टिकलं आणि सल्फ्युरियस समानार्थी म्हणून मागे पडलं. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी हा भेक बुफोमधून काढून झँथोफ्रायनी या नव्या प्रजातीत (जीनसमध्ये) नेला, आणि त्याच शोधनिबंधात आंबोलीचा भेक नवी जात म्हणून मांडला: झँथोफ्रायनी टायगेरिना.

याचा व्यवहारात अर्थ असा: जुन्या याद्यांत ‘बुफो कोयनायेन्सिस’ दिसलं तर आधी ठिकाण पाहावं. २००९ पूर्वी या तऱ्हेच्या भेकासाठी दुसरं ग्राह्य नावच नव्हतं. शोधताना कोयनायेन्सिस आणि कोयनेन्सिस अशी दोन्ही स्पेलिंग टाकून पाहावीत, दोन्ही वापरात आहेत.

दोघांना वेगळं करणारी सगळ्यात उपयोगी खूण कुशीवर असते. आंबोली टोडच्या कुशीवर क्रोम पिवळे, वेडेवाकडे पट्टे असतात. टायगेरिना हे नाव त्यावरूनच. कोयना टोडच्या कुशीवर त्याच पिवळ्या रंगाचे अनियमित ठिपके किंवा डाग. वरून काढलेल्या फोटोत कुशी दिसतच नाही, आणि मोबाइलवरचे बहुतेक फोटो नेमके उभ्याने वरून काढलेले असतात. अशा फोटोवरून जात सांगणाऱ्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

अंड्यांचीही मदत होते, पण ती दोघांना वेगळं करायला नव्हे, साध्या भेकाला बाजूला काढायला. साधा भेक पाण्यात लांब, दोरीसारख्या माळांमध्ये हजारो अंडी घालतो. आंबोली-कोयनेचे भेक मॉन्सूनपूर्व आणि सुरुवातीच्या सरींनी भरलेल्या उथळ डबक्यांत थोडीच अंडी घालतात, आणि तीही माळेत नाही, पुंजक्यात. आंबोलीत ही डबकी जांभ्याच्या सड्यावरच्या खळग्यांतली, कित्येकदा घोटाही न बुडणारी. त्यात बूट पडला तर त्या जोडीचा तो हंगाम संपला.

ठिकाणाचा हिशेब सोपा आहे. ठाण्यापासून कोयना सरळ रेषेत २०० किलोमीटरहून दूर, आणि तिथून आंबोली आणखी दीडशेच्या पुढे. पण नकाशावर एक फसवा प्रकार असतो. आंबोली टोड आययूसीएनच्या लाल यादीत ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’, कोयना टोड ‘एन्डेंजर्ड’. अशा जातींच्या नोंदींचं नेमकं ठिकाण आय-नॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आपोआप लपवतं आणि सुमारे वीस-बावीस किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकतं. त्यामुळे घाटमाथ्यावरचा भेक नकाशावर पायथ्याच्या एखाद्या गावात बसलेला दिसतो. तो ठिपका पाहून ‘कोकणातही सापडला’ असं लिहू नये, आणि त्या गावात शोधायलाही जाऊ नये.

फोटो काढायचाच तर चार हवेत: जमिनीलगत बसून कुशीचा, डोक्याचा वरून, मागच्या पायाच्या बोटांचा, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मापाचा. बोटांचा यासाठी, की साध्या भेकाच्या मागच्या बोटांमध्ये पडदा स्पष्ट दिसतो, झँथोफ्रायनीत तो जवळजवळ नसतोच. हे सगळं भेकाला न उचलता जमतं. पावसाळी सहलीत हातांना डासांचं मलम लावलेलं असतं आणि भेकाची कातडी ते थेट शोषून घेते.