स्नॅपशॉटवर परतणे (व्हर्च्युअल मशीन)

व्हर्च्युअल मशीनची (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) डिस्क पूर्वी टिपून ठेवलेल्या स्थितीत नेणे म्हणजे स्नॅपशॉटवर परतणे. रोजच्या बोलण्यात याला ‘रिव्हर्ट मारणे’ किंवा ‘रोलबॅक करणे’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरमध्ये (व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर) स्नॅपशॉटचे नाव चेकपॉइंट आहे.

स्नॅपशॉट घेतला म्हणजे डिस्कची नक्कल निघाली, हा समज सर्रास आढळतो. व्हीएमवेअर कंपनीच्या हायपरवायझरमधल्या नेहमीच्या डिस्कबाबत तसे होत नाही. त्या क्षणापासून मूळ फाइलमध्ये लिहिणे थांबते आणि नवे बदल शेजारच्या, नावापुढे ‘-०००००१’ अशी शेपटी लागलेल्या डेल्टा फाइलमध्ये जातात. वाचताना आधी डेल्टा पाहायचा, तिथे ब्लॉक (डिस्कचा तुकडा) नसेल तर मूळ फाइल. म्हणूनच परतणे स्वस्त पडते: डेल्टा फेकला, नवा कोरा लावला, झाले. वेळ लागतो तो स्नॅपशॉट ‘डिलीट’ करताना, कारण साठलेले बदल मूळ फाइलमध्ये मुरवावे लागतात. नवखा माणूस इथेच फसतो. डिलीट केल्याने आजचा डेटा राहतो; जातो तो रिव्हर्टने.

एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ स्नॅपशॉट चालत असले तरी दोन-तीनच ठेवावेत आणि एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त वापरू नये, असे व्हीएमवेअर सांगते. मूळ फाइल बिघडली तर सगळी साखळी निकामी, त्यामुळे याला बॅकअप समजू नये.

झेडएफएस या फाइल सिस्टिमवर रोलबॅक शेवटच्याच स्नॅपशॉटवर होतो. त्यामागे जायचे तर मधले स्नॅपशॉट पुसावे लागतात. सेफ (Ceph) या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या साठवण प्रणालीमध्ये रोलबॅक म्हणजे ब्लॉक पुन्हा लिहिणे. डिस्क मोठी असेल तर ते रेंगाळते, म्हणून तिथे स्नॅपशॉटवरून क्लोन (वेगळी वापरता येणारी नवी डिस्क) काढणे बरे.

स्नॅपशॉटमध्ये मेमरी घेतलेली नसेल, तर परतलेले मशीन वीज गेल्यानंतर उठावे तसे उठते. डेटाबेसला आपला लॉग वाचून सावरावे लागते. पण खरी अडचण डिस्कच्या बाहेर आहे. व्हीएम मागे गेले तरी त्याच्याशी बोलणारी मशीन मागे जात नाहीत. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कमधल्या वापरकर्त्यांची आणि पासवर्डची नोंद सांभाळणारा सर्व्हर) प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो. समजा, जोडीदार सर्व्हरने ५००० पर्यंतचे बदल घेतले आहेत आणि कंट्रोलर रिव्हर्ट होऊन ४००० वर आला. आता तो ४००१ पासून नवे बदल नोंदवतो, आणि ‘हे तर आपल्याकडे आहेत’ असे समजून जोडीदार ते घेतच नाही. नवा पासवर्ड एका सर्व्हरवर चालतो, दुसऱ्यावर नाही, आणि एररचा पत्ता नसू शकतो. याला यूएसएन रोलबॅक म्हणतात (यूएसएन म्हणजे तोच चढता क्रमांक). विंडोज सर्व्हर २०१२ पासून हायपरवायझर परतताना व्हीएमचा ‘जनरेशन आयडी’ बदलतो. तो बदललेला दिसताच कंट्रोलर डिरेक्टरीत स्वतःची नवी ओळख घेतो आणि जोडीदार त्याचे बदल नव्याने उचलतात. हायपरवायझरला ही सोय नसेल, किंवा डिस्कची फाइलच हाताने जुनी आणून ठेवली, तर हे संरक्षण मिळत नाही.