लॅपटॉपवर रेघा आल्या तर ड्रायव्हरच्या आधी काय तपासावं

स्क्रीनवर रेघा आल्या, चित्र थरथरलं किंवा मध्येच काळोख झाला, की पहिला सल्ला मिळतो, ‘ड्रायव्हर पुन्हा टाक’. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांचं बोलणं घडवणारा छोटा प्रोग्राम. पण दोष नेमका कुठे आहे हे आधी शोधलं, तर अर्धी खटपट वाचते आणि त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागत नाही.

रेघा दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर पाहा. तिथेही रेघा असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपकडे बघायचं. फोनवर चित्र स्वच्छ असेल, तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा. टीव्हीवरही सगळं नीट दिसत असेल, तर संशय पॅनेलवर, म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर, किंवा बिजागरीतून जाणाऱ्या बारीक केबलवर घ्यावा. शेवटी लॅपटॉप सुरू होताना बायॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, स्क्रीनवर जा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. त्यामुळे तिथेही रेघा असतील, तर ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी फरक पडणार नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक कारण असतं. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. नवी मुंबईत ऐरोली किंवा महापेच्या एसी ऑफिसात २२ अंशांना गार झालेला लॅपटॉप बाहेर उघडला, तर त्याच्या धातूवर बाष्प जमू शकतं. अशा वेळी अर्धा तास थांबूनच तो सुरू करा.

दोष ड्रायव्हरचा वाटला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं जात नाहीत. विंडोज हेच स्वतःहूनही करतं: चिपने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ड्रायव्हर रीसेट होतो. क्षणभर काळी होऊन परत आलेली स्क्रीन बहुतेकदा हेच सांगत असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, की खात्री झाली.

त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या हार्डवेअरच्या यादीत, ‘रोल बॅक ड्रायव्हर’ (आधीचा ड्रायव्हर परत आणणं) हाच सर्वांत सोपा उपाय. ते बटण फिकं असेल, तर ड्रायव्हर काढून नवा टाकावा लागतो. नवा कुठला, हे डिव्हाइस मॅनेजरमध्येच दिसणारा हार्डवेअर आयडी सांगतो. त्यात चिप बनवणाऱ्याचा क्रमांक असतो: एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६. हा इंटेलच्या १९७८च्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा आहे. त्याच आयडीतल्या सबसिस्टिम (SUBSYS) क्रमांकाचे शेवटचे चार अंक लॅपटॉपची कंपनी सांगतात, उदाहरणार्थ डेलसाठी १०२८. ड्रायव्हर शक्यतो याच कंपनीकडून, खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर टाकून घ्या. चिप कंपनीचा सर्वसाधारण ड्रायव्हर नवा असतो, पण काही लॅपटॉपवर ब्राइटनेसच्या कळा किंवा स्लीप त्याने बिघडतात.

फाइल आधी उतरवून ठेवा, रिस्टोअर पॉइंट (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी खूण) करा आणि मग वायफाय बंद करा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. जुना काढल्यावर चित्र मोठं आणि ओबडधोबड दिसेल, ते साहजिक आहे. दोन चिप असलेल्या लॅपटॉपवर आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका आणि नंतर एनव्हीडियाचा, कारण बहुतेक मॉडेलांत स्क्रीन पहिल्या चिपलाच जोडलेली असते. एवढं करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स चिपसमोरचा ‘कोड ४३’ हा दोषसंदेश हटत नसेल, तर दोष हार्डवेअरचा असण्याची शक्यता मोठी.

फर्मवेअरची गोष्ट वेगळी. ड्रायव्हर ही डिस्कवरची फाइल, चुकली तर परत फिरवता येते. फर्मवेअर म्हणजे बायॉससारखा मूळ प्रोग्राम; ते मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेलं असतं आणि व्हीबायॉस, म्हणजे ग्राफिक्स चिपचं स्वतःचं फर्मवेअर, सहसा त्याच बायॉसचा भाग असतं. म्हणून दुसऱ्या मॉडेलचं व्हीबायॉस आपल्या लॅपटॉपवर कधीच चढवू नका. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स चिपचं नाव एकच, पण लॅपटॉपनुसार तिची वीजमर्यादा ६० ते ११५ वॉट असते. ही मर्यादा आणि मेमरीचं टायमिंगही व्हीबायॉसमध्येच लिहिलेलं असतं.

बायॉस अपडेट तेव्हाच करा, जेव्हा कंपनीच्या टिपणात तुमचाच दोष दुरुस्त केल्याचं लिहिलेलं असेल. त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) तात्पुरतं थांबवा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. फर्मवेअर बदललं की त्या कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला यंत्र अनोळखी वाटू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेलाच. ऑफिसच्या लॅपटॉपची की कंपनीकडे असते, म्हणून ते काम आयटी विभागाकडेच सोपवा.

अपडेट करण्याआधी चार्जर लावा आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली ठेवा. पावसात ठाण्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अशा वेळी बॅटरी हाच तुमचा यूपीएस. ती फुगली असेल किंवा चार्ज धरत नसेल, तर आधी बॅटरी बदला. बॅटरीची अट टाळून अपडेट पुढे रेटण्याच्या युक्त्या सापडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अपडेट चालू असताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, पंखा जोरात फिरतो, लॅपटॉप दोन-तीनदा बंद-चालू होतो. पॉवर बटणाला हात लावू नका, किमान अर्धा तास थांबा.

तरीही सुरू झाला नाही, तर अनेक एचपी मॉडेलांत विंडोज आणि बी, तर डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून रिकव्हरी मिळते. तीही चालली नाही, तर दुकानात प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने चिप पुन्हा लिहून घ्यावी लागते. तिथे चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ची, हे विचारून घ्या. १.८ व्होल्टच्या चिपला थेट साधा ३.३ व्होल्टचा प्रोग्रामर लावला, तर ती जळू शकते. मूळ चिपमधल्या मजकुराची प्रतही आधी काढायला सांगा, कारण तुमच्या लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि विंडोजचं लायसन्स बहुधा त्यातच असतं.