न वापरलेली स्टेपनी नवीच असते का?

‘स्टेपनी एकदाही रस्त्याला लागलेली नाही, नक्षी शाबूत आहे, म्हणजे टायर नवाच.’ जुन्या स्पोर्ट्स कार जपणाऱ्यांत हा समज वर्षानुवर्षे फिरतोय. नक्षी बघून कुणालाही तसंच वाटेल.

पण टायर फक्त झिजूनच संपत नाही. ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेमुळे रबर डिकीत पडल्यापडल्याही कडक होत जातं. त्यात या गाड्या बाहेर निघतात क्वचित, रविवारी पन्हाळ्यापर्यंत. नक्षी झिजतच नाही आणि वय लपतं.

तपासायचं कसं? टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा. २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० पूर्वीचा. हवा धरत असला तरी त्यावर आंबा घाट उतरू नका. पूर्ण आकडा बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, म्हणून स्टेपनी बाहेर काढून उलटवावीच लागते. तेव्हाच बारीक भेगाही दिसतात. नक्षी कितीही असो, दहा वर्षांनंतर टायर बदला, असं अनेक टायर कंपन्याच सांगतात.

तारांची चाकं असतील तर आत बहुधा ट्यूब असते. तीही म्हातारी होते, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी दाखवाल तेव्हा तीही उघडून बघायला सांगा.