नियमभंगाचे इंग्रजी शब्दप्रयोग

कायदा, नियम, करार किंवा हक्क मोडल्याचे सांगताना इंग्रजीत ठरावीक नामाला ठरावीक क्रियापद लागते. मराठीत शांततेपासून करारापर्यंत सगळ्यांचा 'भंग'च होतो. इंग्रजीत काय मोडले यावर क्रियापद ठरते.

सर्वांत सैल शब्द 'ब्रेक'. कायदा, नियम, वचन, सगळ्यांना तो चालतो. मे 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी मीठ उचलले, तेव्हा त्यांनी मिठाचा कायदा 'ब्रेक' केला. गुन्हा मात्र 'ब्रेक' होत नाही आणि 'डू'ही होत नाही. तो 'कमिट' करतात.

खरी बारकाई बंदरावर कळते. 1 जून ते 31 जुलै या पावसाळी बंदीत ट्रॉलर समुद्रात गेला, तर बंदी 'व्हायलेट' झाली. तोच दिवसाढवळ्या, कुणाची भीडभाड न ठेवता नेला तर 'फ्लाउट', म्हणजे आपले 'धाब्यावर बसवणे'. ('फ्लॉन्ट' वेगळा, त्याचा अर्थ मिरवणे. या दोन शब्दांची गल्लत इंग्रजी मातृभाषा असणारेही करतात.) परवाना घेताना मान्य केलेली अट मोडली, समजा ठरल्यापेक्षा बारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे, जाळे टाकले, तर 'ब्रीच'. करार आणि विश्वास यांनाही हाच शब्द, कारण तिथे आधी कबुली दिलेली असते. 'कॉन्ट्राव्हीन' कलमे आणि आदेशांसाठी. तो कचेरीच्या कागदावरच शोभतो.

हक्काला 'इन्फ्रिंज'. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परराज्यातला आंबा पेटीवर 'रत्नागिरी हापूस' छापून विकला, तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहेच; नावाच्या हक्कापुरते बोलायचे तर ते 'इन्फ्रिंज' करणे.

जेटीवरची खिडकी बंद झाल्यावर धापा टाकत आलेल्या आजींना तिकीट दिले, तर नियम 'बेंड' केला. त्यात मोडल्याचा आरोप नाही, थोडी माणुसकीच आहे. कानाडोळा करण्याला 'टर्न अ ब्लाइंड आय टू', तर पळवाटेचा फायदा घेणे म्हणजे लूपहोल 'एक्सप्लॉइट' करणे. 'सिग्नल तोडणे'चे शब्दशः 'ब्रेक द सिग्नल' भारतातच चालते; ब्रिटनमध्ये 'जम्प', अमेरिकेत 'रन'.

चुका बहुतेक शब्दयोगी अव्ययांत होतात. 'नियमाविरुद्ध वागणे' मनात असल्याने 'ब्रेक अगेन्स्ट द रूल' लिहिले जाते. 'ब्रेक' आणि 'व्हायलेट' यांच्यापुढे थेट नाम येते. 'अगेन्स्ट द रूल्स' हे 'इट इज'नंतर बसते. नामरूपाला 'ऑफ' हवा: 'इन ब्रीच ऑफ', 'इन व्हायोलेशन ऑफ'. नियम पाळण्याच्या 'कम्प्लाय'ला 'विथ' लागतो, 'टू' नाही.