सिस्टर केनींचा शेक

पाठीत उसण भरली की आपल्याकडे आधी शेकाची पिशवी शोधली जाते. पोलिओ झालेल्या मुलाचा पाय मात्र एकेकाळी शेकायचा नसे, हलवायचाही नसे. तो फळ्यांना किंवा प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवायचा, तोही कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने.

डॉक्टर निष्ठुर होते म्हणून नव्हे. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात वाढतो. साधारण २०० जणांना संसर्ग झाला, तर त्यांतल्या एखाद्याच्याच मज्जारज्जूत पोचून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. हुकूम थांबला की स्नायू लुळा पडतो. मग शेजारचा धडधाकट स्नायू ओढून पाय कायमचा वाकडा करेल, ही भीती होती. म्हणून बांधून ठेवणं. पाय सरळ राही खरा, पण पुष्कळदा ताठरलेला आणि काठीसारखा वाळलेला.

एलिझाबेथ केनी यांना हे पढवलेलं नव्हतं. १८८० साली ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये जन्मलेल्या केनी नर्सिंगच्या कुठल्याही शाळेत शिकल्या नव्हत्या. क्वीन्सलंडच्या दूरदूरच्या वस्त्यांवर त्या रुग्णसेवा करत. १९११ साली वेदनेने आक्रसलेली एक लहान मुलगी त्यांनी पाहिली. टुवूम्बाच्या डॉ. एनियस मॅक्डॉनल यांना तार केली. उत्तर आलं: यावर औषध नाही, दिसतील त्या लक्षणांवर उपचार करा. आत्मचरित्रात त्या सांगतात, की त्यांना दिसला तो ताठ, दुखरा स्नायू. तापवलेलं मीठ लावून पाहिलं, अळशीचं पोटीस लावलं, शेवटी लोकरीच्या ब्लँकेटच्या पट्ट्या उकळत्या पाण्यातून पिळून गुंडाळल्या. पोरीचं कळवळणं थांबलं.

या पट्ट्यांचं तंत्र पुढे फार काटेकोर झालं. पाणी थेंबभरही राहू द्यायचं नाही, नाहीतर कातडी भाजते. लोकर घट्ट पिळली तरी ऊब धरून ठेवते. सांधे उघडे ठेवायचे. दुखणं उतरलं की हात-पाय हळुवार हलवायचे आणि मुलाला त्या स्नायूचं नाव सांगून मन तिथे लावायला सांगायचं. मला त्यांच्या पद्धतीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. अंथरुणाला खिळलेलं मूल इथे स्वतःच्या उपचारात सामील होतं.

‘सिस्टर’ ही त्यांची पदवी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकी सेवेत मिळालेली. आपल्या दवाखान्यांतही नर्सला आपण सिस्टरच म्हणतो, ते त्याच ब्रिटिश रिवाजामुळे.

१९३० च्या दशकात टाउन्सव्हिल इथे त्यांचं उपचारकेंद्र निघालं आणि विरोध पेटला. क्वीन्सलंड सरकारने नेमलेल्या डॉक्टरांच्या आयोगाने १९३८ साली निर्वाळा दिला, की अवयव स्थिर ठेवणं सोडून देणं ही गंभीर चूक आहे. १९४० मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी निदान आधी रुग्ण पाहिले, मग मत बनवलं. १९४२ साली तिथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

त्यांचं सगळंच बरोबर होतं, असं नाही. पोलिओ हा मुळात स्नायूंचा रोग आहे, चेतापेशींचा नव्हे, हा त्यांचा आग्रह चुकीचा होता. मेलेल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत. रुग्ण बरे होण्याचे त्यांचे दावेही मोठे असत, आणि पोलिओत काही शक्ती आपोआपही परतते. वाचलेल्या चेतापेशी नवे फुटवे काढून पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंना आपल्याकडे घेतात. पण तोवर सांधे आखडले असतील, तर परतलेली शक्ती वापरायची कशी? केनींनी सांधे मोकळे ठेवले, वेदना कमी केल्या. त्यांचं स्पष्टीकरण फसलं, तरी मुलांना याचा फायदा झाला. त्यांच्यावर टीका करणाऱ्या अनेकांनीही पुढे फळ्या सोडल्या.

३० नोव्हेंबर १९५२ रोजी टुवूम्बात त्यांचं निधन झालं. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली आणि वॉर्डांतल्या वाफाळत्या पट्ट्यांचं काम हळूहळू संपत गेलं. हात हलवायला शिकवणं मात्र राहिलं. आज अर्धांगवायूच्या रुग्णाचं कोपर हाताने उचलून धरत फिजिओथेरपिस्ट म्हणतात, ‘काका, लक्ष इथे ठेवा, आता तुम्ही वाकवा.’